हात आत घ्या, वसुधाताई

करड्या रंगाची ती स्कूटर सलग चौथ्या दिवशी आरशात दिसली, तेव्हा मी वसुधाताईंना काहीही न सांगता डावीकडे वळायला लावलं. मग पुन्हा डावीकडे. मग आणखी दोनदा. कोथरूडच्या सोसायट्यांमधल्या गल्ल्यांत चारदा डावीकडे वळलं की माणूस निघाला तिथेच परत येतो. ज्याला खरोखर कुठे जायचं आहे तो आपल्या मागे अशी प्रदक्षिणा कशाला घालेल? स्कूटरने घातली. अंगात चॉकलेटी जर्किन, डोक्यावर पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, आणि आमच्यात दोन रिक्षांचं अंतर.

"मॅडम, आपण मघाशी इथूनच गेलो ना?" वसुधाताईंनी विचारलं.

"वळणं घोटून घेतेय," मी म्हटलं.

त्यांनी पुढच्या वळणाला इंडिकेटर दिला, आणि शिवाय उजवा हात खिडकीबाहेर काढून गोल फिरवला.

"हात आत घ्या, वसुधाताई."

हे वाक्य त्या सकाळी मी निदान दहाव्यांदा म्हणत होते.

मी शमीम तांबोळी. कोथरूडमधल्या एका मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बावीस वर्षं गाडी शिकवते आहे. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. त्याला ड्युअल कंट्रोल म्हणतात. शिकणाऱ्याला वाटतं गाडी त्याने थांबवली. पहिले पंधरा दिवस ती मीच थांबवलेली असते. या धंद्यात कुणावरही विश्वास ठेवायचा नसतो. ना शिकणाऱ्यावर, ना समोरच्यावर, ना हिरव्या सिग्नलवर. घरीही कुणी दार उघडून आत आलं की आधी त्याचे पाय कुठे आहेत ते मी बघते.

माणूस कुठल्या वयात गाडी शिकायला येतो, त्यावरून त्याच्या घरात काय चाललंय ते मला साधारण कळतं. अठराव्या वर्षी येतात ते वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. त्यांना ब्रेकमध्ये रस नसतो. तिशीतल्या बायका येतात त्या मुलाची शाळा लांबची मिळाली म्हणून. चाळिशीतले पुरुष गुपचूप येतात, कारण ऑफिसात सगळ्यांना वाटत असतं की त्यांना गाडी येते. साठीनंतर मात्र कुणी येत नाही. साठीनंतर माणसं एकेक वाहन सोडत जातात. आधी कार नको वाटते, मग स्कूटरवरून लांब जाणं बंद होतं, मग रिक्षा, आणि शेवटी मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही कशाला जाता, मी आणतो ना. माझे अब्बा कसबा पेठेत शेवटपर्यंत पायी फिरले. त्यांच्याकडून हिसकावून घेण्यासारखं काही नव्हतं, हे त्यांचं नशीब.

म्हणून त्रेसष्ट वर्षांच्या वसुधा लिमये आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा मी कान टवकारले. चाळिशीनंतर लायसन्ससाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. बाकीच्यांना ते दोनदा सांगावं लागतं, तिसऱ्यांदा ओरडावं लागतं. यांनी ते आधीच आणलं होतं. लर्निंग लायसन्सही काढून झालं होतं. वर तीन अटी होत्या.

"घरी फोन करायचा नाही. मला सोसायटीच्या गेटपाशी घ्यायचं नाही, पुढच्या मेडिकलच्या दुकानापाशी मी उभी राहीन. आणि आपण सकाळी साडेआठलाच जायचं. त्या वेळी मी हास्यक्लबला असते."

"असता म्हणजे?"

"म्हणजे नसते," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशीच दुसरी शंका आली. नवशिक्याची नजर बोनेटच्या पलीकडे जात नाही. त्याला समोरचा रस्ता दिसत नाही, स्वतःचे पाय दिसतात. वसुधाताईंचं उलटं होतं. क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उडायची, पण नजर पक्क्या ड्रायव्हरची. आणि त्या सगळं मोठ्याने बोलायच्या. "पुढे खड्डा. डावीकडून सायकल. दुधाची गाडी उलटी येतेय. स्पीडब्रेकर, पट्टे पुसलेत." एवढं एका दमात. कुठला सिग्नल किती वेळ लाल राहतो तेही त्यांना पाठ होतं. क्लास संपला की मेडिकलच्या दुकानापाशी उतरायच्या, पर्समधून छोटी वही काढायच्या आणि उभ्या उभ्या काहीतरी लिहायच्या.

या वहीची गोष्ट मी आमच्या मालकांच्या, शिंदे सरांच्या कानावर घातली. ती माझी चूक झाली. शिंदे सर फळ्यावर 'रोज पाच किलोमीटर' लिहितात आणि आम्हाला साडेतीन किलोमीटरलाच गाडी परत वळवायला सांगतात. अशा माणसाला वहीची भीती वाटणारच.

"मॅडम, ह्या बाई पाठवलेल्या आहेत," ते म्हणाले.

"कुणी?"

"तेच शोधायचंय. दुसऱ्या स्कूलवाल्याने, नाहीतर तक्रार करायला आलेल्या. साठीच्या बाईला कशाला हवीय गाडी? नातवंडं सांभाळायची सोडून?"

"त्यांना गाडी आधीपासून येत असावी असं मला वाटतं."

"बघा! येते आणि शिकायला आल्यात. उद्यापासून पूर्ण पाच किलोमीटर द्या. सहा द्या."

अशा रीतीने त्या बॅचमध्ये पूर्ण पाच किलोमीटर मिळालेल्या वसुधाताई एकट्याच. आणि दुसऱ्या आठवड्यात ती स्कूटर आली.

आधी वाटलं, योगायोग असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, शिंदे सर म्हणतात ते खरं आहे, हा वहीवाल्या बाईंचाच माणूस, मागून व्हिडिओ काढतोय. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्याचे दोन्ही हात हँडलवरच असतात, व्हिडिओबिडिओ काही नाही. मग भलतीच भीती वाटली. वसुधाताईंच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, आणि त्या रोज एकाच ठिकाणी, एकाच वेळी, एकट्या उतरायच्या. असा माणूस मागावर असणाऱ्यांना सोपा जातो. त्या दिवशी मी त्यांना मेडिकलऐवजी पुढच्या चौकात उतरवलं आणि त्या रस्ता ओलांडेपर्यंत थांबले. स्कूटरही थांबली. त्या गेल्यावर स्कूटर निघून गेली.

स्कूटरवाला चालवतही विचित्र होता. अंतर सोडायचा नाही, पण आजूबाजूला मान म्हणून वळवायची नाही. एकदा डावीकडून एक मुलगी मोपेडवरून त्याच्या अगदी हाताला घासून गेली, शिवी दिल्यासारखा हॉर्न वाजवून. तो जागेवर दचकला. ती जवळ येईपर्यंत त्याला पत्ताच नव्हता. मला वाटलं, याचं सगळं लक्ष आमच्यावरच आहे म्हणून असं होतंय. माझा संशय आणखी पक्का झाला.

म्हणून चौथ्या दिवशी चार डावी वळणं घेतली, आणि स्कूटर तरीही मागेच आहे म्हटल्यावर ठरवलं, आता यांना विचारायचंच. त्या कटात असतील तर चेहऱ्यावर दिसेल. नसतील तर सावध तरी होतील.

आम्ही मोठ्या रस्त्याला लागणाऱ्या एका सरळ गल्लीत होतो. डाव्या हाताला एका जुन्या सोसायटीची इमारत पाडून नवी बांधत होते. कोपऱ्यापर्यंत उंच पत्रे ठोकलेले, त्यामुळे आडव्या गल्लीतून काय येतंय ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नव्हतं.

"वसुधाताई, स्पीड तेवढाच ठेवा. आरशात बघा. मागे करडी स्कूटर आहे. ओळखता का त्या माणसाला?"

त्यांनी वर आरशात पाहिलं. चेहऱ्यावर काय काय दिसायला हवं याची यादी मी तयार ठेवली होती. त्यातलं काहीच दिसलं नाही. चेहरा एकदम उतरला.

"आमचीच स्कूटर आहे," त्या म्हणाल्या. "हे आहेत. मिस्टर."

"तुमचे मिस्टर तुमच्या मागावर आहेत?"

"मॅडम, त्यांना बाजूचं दिसत नाही हो." त्यांची नजर आरशातच होती. "काचबिंदू आहे. समोरचं कॅलेंडर वाचतात, पण शेजारी ठेवलेला चहा सांडतात. मी मागे बसलेली असते तेव्हा सांगत असते, डावीकडून सायकल आली, उजवीकडे बस आहे. आत्ता मागे कोण आहे त्यांच्या?"

एका क्षणात माझ्या डोक्यातली सगळी कुलपं उघडली. ती मोठ्याने बोलायची सवय. ते पाठ असलेले सिग्नल. ती मोपेडवाली मुलगी. ज्याला मी पाळत ठेवणारा समजत होते त्याला आमच्या गाडीच्या टपावरचा पिवळा बोर्ड सोडून धड काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात आम्ही पत्र्यांचा कोपरा ओलांडला. आडव्या गल्लीत पाण्याचा टँकर तोंड बाहेर काढून उभा होता. शिकाऊ गाडी म्हणून आमच्यासाठी थांबला होता, आणि आम्ही पुढे सरकताच त्याने वैतागून गाडी रेटली. आरशात मला दोन्ही एकदम दिसले. डावीकडून बाहेर येणारा टँकर, आणि सरळ त्याच्याकडे येणारी स्कूटर. स्कूटरचा वेग जराही कमी झाला नव्हता.

बावीस वर्षं मी त्या ड्युअल कंट्रोलच्या जिवावर बिनधास्त बसले आहे. पण माझ्या पायाखालचा ब्रेक आमची गाडी थांबवतो, मागची नाही. माझा हात हॉर्नकडे गेला. हॉर्नने काय होणार होतं? पुण्यात हॉर्न ऐकून आजवर कोण थांबलंय?

वसुधाताईंनी उजवा हात खांद्यापासून खिडकीबाहेर काढला. तळवा जमिनीकडे, आणि हात वर-खाली, वर-खाली. सावकाश घ्या, असा तो जुना सिग्नल. लर्निंगच्या परीक्षेत अजूनही विचारतात आणि परीक्षा झाली की सगळे विसरतात. दहा दिवस मी त्यांना हीच सवय सोडायला सांगत होते.

मागे टायर करकरले. टँकर आडवा निघून गेला. तो गेल्यावर पलीकडे स्कूटर दिसली. उभी होती. जर्किनवाल्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीवर होते आणि पुढचं चाक टँकर गेला त्या ओल्या रेघेपासून वीतभर अलीकडे होतं.

आमची गाडी बंद पडली. क्लचवर कुणाचाच पाय नव्हता, माझाही नाही.

ते स्कूटर ढकलत पुढे आले. हेल्मेट काढलं. सत्तरीच्या आतबाहेरचे, व्यवस्थित भांग पाडलेले गृहस्थ. बायकोच्या खिडकीपाशी वाकले आणि म्हणाले,

"वसुधा, गाडी रस्त्याच्या मध्ये बंद पाडू नये."

"टँकर दिसला का तुम्हाला?" वसुधाताईंनी विचारलं.

"दिसला की."

"कधी?"

मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. त्याच्याकडे न बघताच लिमये काका म्हणाले, "तुझा हात दिसला."

मी गाडी कडेला घ्यायला लावली. समोर चहाची टपरी होती. तिथे तिघं बसलो. मी ग्लास खालीच ठेवला. मला राग आला होता. दोघांचाही, आणि स्वतःचा जास्त. चार दिवस तो माणूस माझ्या आरशात होता आणि मी फक्त तो चोर आहे की साक्षीदार एवढंच ठरवत बसले होते.

"काका, तुम्ही का येत होतात मागे?" मी विचारलं.

"हास्यक्लबला जाणारी बाई पर्समध्ये ड्रायव्हिंगचं पुस्तक नेत नाही. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग घरी विचारायचं."

"काय विचारायचं? ती का शिकतेय ते मला कळलं होतं." त्यांनी बशीत चहा ओतला. "डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी सांगितलं, स्कूटर बंद करा. मी घरी सांगितलं नाही. डोळ्यांत घालायचे थेंब शब्दकोशाच्या मागे ठेवले."

"मी रोज तिथली धूळ पुसते," वसुधाताई म्हणाल्या.

"तरीही बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, लायसन्स अजून तीन वर्षं व्हॅलिड आहे."

"आहेच."

"लायसन्स आहे हो. नजरेची मुदत संपलीय."

मी वहीचा विषय काढला. वसुधाताईंनी ती सरळ माझ्या हातात दिली. शिंदे सरांचे किलोमीटर त्यात कुठेच नव्हते. एका पानावर भाजीमंडईचा रस्ता, दुसऱ्यावर लायब्ररीचा, तिसऱ्यावर मांजरी गावाचा. तिथे त्यांची मुलगी राहते. प्रत्येक रस्त्यावर खुणा होत्या. इथे डावीकडची बस दिसली नाही. इथे शाळेची मुलं, थोडक्यात वाचली. इथे मी खांदा दाबला. आमच्या क्लासच्या रस्त्यात यातली जी जागा यायची, तिथे आपण स्वतः वेळेवर पाहिलं की नाही, ते त्या रोज लिहून ठेवत होत्या.

"आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर," लिमये काका माझ्याकडे बघत म्हणाले, "नवशिक्या बाईच्या मागे कुणीतरी ओळखीचं असावं. लोक मागून येऊन ठोकतात. म्हणून यायचो मी."

बाजूचं न दिसणारा माणूस बायकोला मागून कुणी ठोकू नये म्हणून चार दिवस आमची राखण करत होता. मला हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. मी टपरीवाल्याचे पैसे द्यायला उठले.

प्रश्न होता स्कूटर घरी कोण नेणार. काकांनी सवयीने किल्ली खिशातून काढली. वसुधाताईंनी हात पुढे केला, तळवा वर. काकांनी एकदा स्कूटरकडे पाहिलं. मग काकांनी किल्ली त्या तळव्यावर ठेवली. स्कूटर टपरीच्या बाजूला लावली, संध्याकाळी जावई घेऊन गेला.

शिकाऊ गाडीत बाहेरचा माणूस बसवायचा नाही, असा आमच्या स्कूलचा नियम आहे. मी मागचं दार उघडलं. काका दाराशीच घुटमळले.

"मला मागे बसायची सवय नाही."

"मला पस्तीस वर्षांची आहे," वसुधाताई आरशात बघत म्हणाल्या. "शिकवते. बसा."

वाटेत मी विचारलं, हा हात बाहेर काढायचं कुठून आलं? त्या म्हणाल्या, "आमच्या पहिल्या स्कूटरला इंडिकेटर होता, पण हे द्यायला विसरायचे. मग मागून मी हात दाखवायला लागले. साडीत एका बाजूला बसायचे तेव्हा माझ्याकडे फक्त डावीकडचं खातं होतं. पंजाबी ड्रेस घालायला लागल्यापासून उजवीकडचंही आलं."

"मी कधीच विसरलो नाही," मागून आवाज आला. "तू हात दाखवतेस म्हणून देत नव्हतो."

शिंदे सर ऑफिसच्या दारातच उभे होते. "काय मॅडम, कोण निघाल्या?"

"बायको निघाल्या," मी म्हटलं. "मागे नवरा आहे."

त्यांचा विश्वास बसला नाही. पुढचे आठ दिवसही त्यांनी पूर्ण पाच किलोमीटर द्यायला लावले.

टेस्टच्या दिवशी ट्रॅकवर वसुधाताईंनी इंडिकेटरही दिला आणि हातही काढला. इन्स्पेक्टर म्हणाले, "मॅडम, इंडिकेटर चालतो ना? मग हात कशाला?" त्या म्हणाल्या, "तुमचा आहे का लोकांच्या इंडिकेटरवर विश्वास?" इन्स्पेक्टरांनी मान हलवली आणि पास केलं. मुलीची जुनी छोटी गाडी आता त्यांच्या सोसायटीत उभी असते. काकांनी ज्येष्ठांचा बसचा पास काढला आहे आणि बस वेळेवर येत नाही म्हणून ते रोज तक्रार लिहितात. ते सावरल्याचंच हे लक्षण आहे.

मागच्या आठवड्यात मी एका अठरा वर्षांच्या मुलाला सिग्नलला उभं केलं होतं. आमच्या पुढे एक छोटी गाडी होती, डावा इंडिकेटर लुकलुकत होता. सिग्नल सुटला. गाडी वळायला लागली, तशी डावीकडच्या खिडकीतून एक चॉकलेटी बाही बाहेर आली आणि हात ताठ डावीकडे झाला.

"मॅम, इंडिकेटर तर ऑन आहे. मग ते अंकल हात का दाखवतायत?" मुलाने विचारलं.

"स्पीड कमी कर आणि त्यांना जाऊ दे," मी म्हटलं.

इंडिकेटर चालू असेल तर हात दाखवायची गरज नाही, असं पुस्तकात आहे, आणि मीही बावीस वर्षं तेच शिकवलं. पण हल्ली कुणी हात बाहेर काढला, तर आत घ्या म्हणायच्या आधी मी आरशात बघते, मागे कोण आहे ते.